हनुवटीवरची खोक

मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. ते फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे, आणि हातात कला असलेल्या माणसाला लोक मास्तर म्हणतात, एवढंच. खिडकीशी काच तिरपी ठेवायची, तिच्यावर निगेटिव्ह लावायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे वांग, व्रण, सुरकुत्या बुजवायच्या, हा त्यांचा धंदा. "देवाकडून राहिलेलं काम मास्तर पुरं करतात," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मास्तर मान वर करत नसत, पण आतून फुगायचे.

पुढे संगणक आले आणि स्टुडिओला टाळं लागलं. मग बायको गेली. घर खायला उठलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी रंग आणले आणि आठवणीतलं एकेक कागदावर उतरवायला घेतलं. स्टुडिओचा जिना जमला. पावडरचा डबा ठेवलेला गिऱ्हाइकांचा आरसा जमला. स्टुलावर बसून भाजी निवडणारी बायकोही झकास जमली, पण गळ्यापर्यंतच. चेहऱ्याशी घोडं अडलं.

घरात तिचे फोटो काय कमी होते? पण प्रत्येकात ती पुतळ्यासारखी गुळगुळीत. तिच्या हनुवटीवर लहानपणची एक खोक होती. ती हसायच्या आधी ती खोक हसायची. लग्नाच्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत मास्तरांनी ती इमानेइतबारे बुजवली होती. दुसऱ्यांच्या बायका सुधारून द्यायच्या आणि स्वतःची तशीच ठेवायची, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

आता ती खोक डावीकडे होती की उजवीकडे, हेच आठवेना. डोळे म्हणत डावीकडे, हात म्हणे उजवीकडे. हाताचा तरी काय दोष? निगेटिव्हच्या ज्या बाजूवर पेन्सिल चालते, तिथून चेहरा उलटा दिसतो. पण मास्तरांचा जन्मभर विश्वास हातावर. त्यांनी खोक उजवीकडे काढली आणि मेहुणीला चित्र बघायला बोलावलं. बायकोची ही धाकटी बहीण जिभेला हाड नसलेली, पण चित्र बघताच तिने डोळ्यांना पदर लावला.

"ताईच आहे हो. पण भाऊजी, बाजू चुकली. खोक डावीकडे होती."

"नक्की?"

"मीच पाडलं होतं तिला झोपाळ्यावरून. मला नाही आठवणार?"

मास्तरांनी चित्र जवळ ओढलं. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवलो आणि तिची हनुवटी आपल्याला उलटी पाठ! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचे फोटो बघून मला बरं वाटायचं," मेहुणी म्हणाली. "माझा अपराध दिसायचा नाही ना. ताईला मात्र लागायचं."

"तिला? ती तर सगळ्यांना कौतुकाने दाखवायची!"

"दाखवायची की. नवऱ्याची कला होती. पण लग्नाचा फोटो आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, 'ह्यांना माझा चेहरा आवडला नाही वाटतं गं.' नंतरही दर फोटोला बघायची, या वेळी तरी राहिली का म्हणून."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तरांनी ब्रश उचलला. उजवीकडची खोक त्यांनी बघता बघता पुसली. त्यात तर हयात गेली होती. डावीकडे मात्र हात टेकेना. कुणाच्या चेहऱ्यावर खूण उमटवायची सवय हाताला नव्हतीच. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कशीबशी एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली, थोडी जाडच आली, आणि स्टुलावरची बाई एकदम हसायच्या बेतात आली.

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली.

"आवडायचा गं," ते म्हणाले. "फार आवडायचा मला तिचा चेहरा."

मेहुणीने त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"मला काय सांगताय, भाऊजी?"