लहू घाडीची टिकटिक

माणसाचं हृदय ही त्याची सगळ्यांत खाजगी चीज असते, आत काय चाललंय ते दुसऱ्याला कधी कळत नाही, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलं आहे. या थोरामोठ्यांपैकी कुणी लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेलं नसावं. लहू घाडीच्या हृदयात काय चाललंय ते तो इस्पितळातून घरी आला त्या संध्याकाळी खोलीत मावतील तेवढ्या सगळ्यांना कळत होतं. आतले जरा गप्प बसले असते तर दारातल्यांनाही कळलं असतं. न कळणारा त्या गर्दीत एकटा लहू होता.

"पंखा बंद करा रे. आणि काशीबाई, तू पण," गणपत जॉबर म्हणाला.

पंखा बंद झाला. शेजारच्या काशीबाईंना थोडा जास्त वेळ लागला. मग भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जरा घाईत, लोखंडाच्या जातीचा, बारीक आवाज खोलीत आला. टिक. टिक. टिक.

गणपतची सारी हयात गिरणीत विणकरांचे साचे, म्हणजे माग, दुरुस्त करण्यात गेली होती. गिरणी गेली तरी यंत्र दिसलं की मान वाकडी करून ऐकायची सवय गेली नव्हती. लहूच्या छातीवरच्या पट्टीपाशी त्याने ती वाकडी केली.

"टायमिंग एकदम करेक्ट. वहिनी, मेक कुठलं?"

"अमेरिकन म्हणाले," लहूची बायको मालन स्टोव्हपाशी चहा गाळत म्हणाली.

"मग बरोबर. अमेरिकन थोडा आवाज करणारच. पण टिकतो."

"चावी द्यावी लागते काय गो?" काशीबाईंनी विचारलं.

"चावी कसली देतेस? तेल लागत असेल."

"तेल डॉक्टरांनी कमी सांगितलंय," मालन म्हणाली, आणि तपासणी तिथे संपली. लोकांनी आणलेली शहाळी कॉटखाली सरकवून चाळ आपापल्या घरी जेवायला गेली.

लहू उशी छातीशी धरून बसला होता. खोकला आला की उशी घट्ट दाबायची, नाहीतर तारेने शिवलेलं छातीचं हाड दुखतं, असं सांगितलं होतं. लहानपणी कणकवलीकडच्या गावी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला, त्याने हृदयाची झडप नासली होती. ती नासली आहे हे कळायला चाळीस वर्षं लागली, यात कुणाची चूक नव्हती. गिरणीत दम लागायचा तो कापसाच्या धुळीवर खपला. संपात लागायचा तो घोषणांवर खपला. संपानंतर प्रभादेवीला एका इमारतीत वॉचमन झाल्यावर मात्र खुर्चीत बसूनही दम लागायला लागला, आणि दोष द्यायला काहीच उरलं नाही, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. तिथे छाती उघडून नासकी झडप काढली आणि तिच्या जागी धातूची, चाळीच्या भाषेत 'वॉल', बसवली.

दुरुस्तीपुरता येणाऱ्या गणपतचा कान वाचला, पण साचेखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात जो दिवसभर राहिला त्याचा कान राहिला नाही. शेकडो साचे एकदम आपटत असताना आरडाओरडा करूनही उपयोग नसे, म्हणून विणकर आवाज न काढता ओठ हलवून बोलायचे. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला डब्यात काय आहे ते विचारायचा आणि उत्तर कळल्यावर मधल्या सुट्टीत त्याच्याच शेजारी जाऊन बसायचा. लहू या विद्येत पटाईत होता. इस्पितळात ती फुकट गेली, कारण तिथे प्रत्येकाच्या तोंडावर फडकं. त्याला काय काय सांगितलं ते सगळं मालनने ऐकलं आणि घरी आल्यावर ओठ नीट हलवून त्याला पोचवलं.

गोळी रोज ठरल्या वेळी. पालेभाजी आज टोपभर, उद्या अजिबात नाही, असं करायचं नाही. जड उचलायचं नाही. आणि टिकटिक ऐकू येईल, घाबरायचं नाही. आवाज बदलला, किंवा येईनासा झाला, तर मात्र लगेच इस्पितळ गाठायचं.

लहूने हे सगळं लक्षपूर्वक पाहिलं. मग म्हणाला, "माका तर आत्ताच येना नाय."

"तुमका कसो येतलो? माका येता मा? चालू आसा. निजा आता."

लहू निजला. मालन कुशीवर वळून बराच वेळ ते ऐकत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या मनात काही चाललेलं तिला प्रथमच इतकं स्पष्ट ऐकू येत होतं.

प्रश्न दिवसाचा होता. संपात गिरणीचा पगार बंद झाल्यापासून मालन प्रभादेवीच्या चार घरी पोळ्या लाटायला जायची. आता वॉचमनचा पगारही थांबला होता, त्यामुळे ती सकाळी जाणार आणि उन्हं कलल्यावर येणार. मधल्या वेळात झडप चालू आहे की नाही हे लहूला कोण सांगणार?

सुरुवातीला गणपत यायचा. पण क्रिकेटची मालिका सुरू झाली आणि झडपेतलं नावीन्य संपलं. काशीबाई दाराशी येऊन कान द्यायच्या, पण एकदा त्या म्हणाल्या, "आज जरा मंद वाटतो, नाय?" आणि भाजी निवडायला निघून गेल्या. लहूची ती दुपार फार वाईट गेली. त्यानंतर त्याने त्यांना विचारणं सोडलं.

"अरे लहू, तू जिवंत आहेस म्हणजे वॉल चालू आहे," गणपतने जाता जाता समजावलं. "बंद पडला तर विचारायला तू असशील का?"

हे बरोबर होतं, आणि लहूचं समाधान होत नव्हतं. पट्टा सुटल्यावरही साचा चार-दोन ठोके मारतो, हे गणपत सोयीस्करपणे विसरला तरी लहू विसरला नव्हता. ते शेवटचे ठोके पहिल्या ठोक्यांसारखेच दिसतात.

चौकाच्या पलीकडे, समोरच्या गॅलरीत दौलत कदम राहायचा. साचेखात्यात दोघांचे साचे पाठीला पाठ लागून होते. सुट्टीच्या दिवशीही दोघं दोन गॅलऱ्यांतून ओठांनीच गप्पा मारायचे, आणि आपल्यावर काहीतरी बोलताहेत अशा संशयाने मधल्या चौकातले लोक वर बघत जायचे. मग संप आला. आठव्या महिन्यात दौलतचं धाकटं मूल आजारी पडलं आणि पोलिसांच्या बंदोबस्तात गिरणीत जाणाऱ्या जाळीच्या गाडीत एक दिवस दौलत बसलेला दिसला. गेटवर उभ्या असलेल्या लहूने त्या गाडीच्या मागे धावत, सगळ्यांदेखत, हा माणूस मला मेला, असं सांगून टाकलं. तेव्हापासून तो दौलतशी बोलला नव्हता. गिरणीने मात्र दोघांत भेदभाव केला नाही. लहूला संपानंतर आत घेतलं नाही, आणि दौलतला गिरणी बंद करताना बाहेर काढलं. त्या गाडीच्या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली होती आणि दौलतचं ते आजारी मूल कुठल्याशा बँकेत शिपाई होतं.

त्या दुपारी लहू गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. सगळ्या खोल्यांतून मॅच चालू होती. त्याला खोकल्याची उबळ आली. उशी दाबेपर्यंत छातीत असं काही कचकलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. उबळ गेली. लहूने छातीवर तळहात ठेवला. शिवण पडलेली जागा बधिर होती, हाताला काहीच कळेना. मनगट धरलं, तर हातच इतका थरथरत होता की नाडी कुठली आणि भीती कुठली ते समजेना. त्याने काशीबाईंना हाक मारली, पण त्यांच्या घरी कुणीतरी षटकार मारला होता.

समोर दौलत दोरीवर बनियन वाळत घालत होता. त्याने वर पाहिलं. बनियन तसंच हातात राहिलं.

"काय झालं?" त्याचे ओठ हलले.

लहूचे ओठ त्याला न विचारताच हलले. "बंद पडला वाटतं."

दौलत गॅलरीतून नाहीसा झाला. त्याचे गुडघे गेलेले होते, एक जिना उतरून दुसरा चढायचा म्हणजे त्याला मधे दोनदा थांबावं लागायचं. लहू जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आपण मरतो आहोत, आणि मरताना गाडीत बसलेल्या माणसाची वाट बघतो आहोत, हे त्याला नीट दिसत होतं. अखेर दौलत कठड्याला धरून आला, तेव्हा त्या दोघांपैकी इस्पितळातून आलेला कोण हे सांगता आलं नसतं.

तो खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला. लहूने सदऱ्याची बटणं सोडली. दौलतने वाकून छातीला कान लावला आणि डोळे मिटले. लहूला खाली त्याचं टक्कल दिसत होतं. संपाच्या आधी तिथे दाट केस होते आणि त्यांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असत.

बऱ्याच वेळाने दौलतने मान वर केली.

"चालू हाय," ओठ म्हणाले. "झ्याक चालू हाय."

लहूने श्वास सोडला. "भाजी काय केलीस?" त्याने विचारलं.

"कारली."

"अजून कारलीच?"

"सून करती. मी खातो."

तेवढ्यात ओव्हर संपली आणि काशीबाई बाहेर आल्या. खुर्चीत सदरा उघडा टाकून बसलेला लहू, पायाशी बसलेला दौलत आणि दोघांचे हलणारे ओठ त्यांनी पाहिले. कधी नव्हे ते त्यांना बोलायला काही सुचलं नाही. ते संध्याकाळी सुचलं. या प्रकारावर चाळीत मोठी चर्चा झाली. लहूने शब्द मोडला, असं एका पक्षाचं म्हणणं पडलं. आवाज झाला नाही म्हणजे बोलणं झालं नाही, असा निर्णय गणपत जॉबरने दिला आणि तो मान्य झाला.

"दौलत इलो होतो?" मालनने घरी येताच विचारलं. जिन्यातच तिला सगळं कळलं होतं.

"इलो. आयकल्यान. चालू आसा म्हणालो."

मालनने पदर खोचून स्टोव्हला पंप मारायला घेतला.

"बरा झाला," ती पाठमोरी म्हणाली, पण ते लहूला दिसलं नाही.

त्यानंतर दौलत रोज दुपारी यायला लागला. गुडघे टेकायचा, कान लावायचा, डोळे मिटायचा, चालू हाय म्हणायचा. मग लहू खुर्चीतच तासभर गाढ झोपायचा. घरी आल्यापासून त्याला दिवसाची अशी झोप लागली नव्हती.

दौलतचा उजवा कान थोडाफार शाबूत होता. डावा गिरणीत असतानाच पार गेलेला होता, आणि हे अख्ख्या साचेखात्याला माहीत होतं, लहूलाही. छातीला तो रोज डावा लावायचा.