भट्टीमागचे कोळी

स्टुलावर चढून धाकटीने भट्टीमागच्या भिंतीवर टॉर्च मारला आणि तिचा आ वासलेलाच राहिला. एक, दोन, पाच, अकरा! लांब पायांचे कोळी, उलटे लटकलेले, अगदी मजेत. एका मादीने तर अंड्यांची पुरचुंडी तोंडात धरलेली.

हे इथे असायलाच नको होते ना! बाहेर कडाक्याची थंडी. घर, जिना, कोठीची खोली, सगळीकडची मोजणी तिने सकाळपासून कॉलेजच्या वहीत उतरवली होती, आणि सगळीकडे भोपळा. कोळ्यांना ऊब हवी, थोडी ओल हवी, चार चिलटं हवीत. ते मिळेल तिथेच त्यांचा संसार. आणि चौकापलीकडची ही बेकरी तर सहा महिने बंद! बाबांच्या छातीला धूर चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी दादाने पाटी उतरवली होती.

लहानपणी तिची बसायची जागा हीच. बाहेर दातावर दात आपटायचे, आणि इथे पाठ टेकली की ऊब थेट हाडांत शिरायची. बाबा पिठाच्या हातांनी तिला उचलून धरायचे.

"कोळी मोज बरं. वर सरकले म्हणजे भट्टी तापली जास्त. खाली उतरले की लाकूड घालायचं."

थर्मामीटर गेला खड्ड्यात!

तिने भिंतीला तळहात लावला. कोमट.

"सापडलं का गं काही?" दारात बाबा. एवढ्या थंडीत बाह्या दुमडलेल्या.

"बाबा, पहाटे कुठे जाता हो तुम्ही?"

"फिरायला. डॉक्टरच म्हणाले ना."

"तुम्ही फिरलात की भिंत गरम होते?"

बाबांनी उगाच भट्टीच्या दाराची कडी पुसायला घेतली.

"चारच पाव करतो गं. हात विसरतील ना नाहीतर." मग त्यांना खोकला आला, आणि तो लवकर थांबेना.

तेवढ्यात रस्त्यावरून दादा ओरडला, "ए किडेमास्तरीण! आटप लवकर! परवा गवंडी येतोय भट्टी पाडायला!"

बाबा कडी पुसतच राहिले.

"थांबव त्याला!" धाकटी ओरडली. "माझी मोजणी महिनाभर चालेल. रोज पहाटे यायला लागणार मला."

"पहाटे? तू? दहाला उठवताना घर डोक्यावर घेतेस!"

"कोळी पहाटेच मोजतात," तिने ठोकून दिलं.

दादा कपाळाला हात लावून निघून गेला.

धाकटी स्टुलावरून उतरली.

"जाळ मी करणार, पीठही मीच मळणार. धूर जाईपर्यंत तुम्ही बाहेर बसायचं, खुर्ची टाकून. तिथून नुसतं सांगायचं."

बाबांनी तिचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटसुलट करून बघितले.

"नखं काप," म्हणाले.