हातभर लांब धरलेले भिंग

मी एक जुने भिंग आहे, पितळी चौकटीतले, बोराएवढे. मित्रांनो, माझ्या तोंडून माणसांचे कौतुक ऐकायला बसला असाल तर उठा. चाळीस वर्षे मी माणसांचे डोळे जवळून पाहिले आहेत. बहुतेक डोळे फुकट गेले आहेत.

ज्या कारागिराने मला घासून घडवले, त्याच्यावर माझा राग नाही. पुढे मी एका कचेरीत आले. तिथे वाळवलेली झाडे कागदावर चिकटवून ठेवत. ते काम करणाऱ्या बाईंनी मला दोरीत ओवून गळ्यात घातले. त्या मला डोळ्याला भिडवत आणि फूल माझ्याजवळ आणत. मला वापरायची रीत तीच. कचेरीचे साहेब मात्र मला हातभर लांब धरत आणि मोठ्या तोऱ्यात डोळे बारीक करत. अशा माणसाला मी धुरकटच दाखवते. त्याची लायकीच तेवढी!

वस्तीबाहेरच्या वाळवंटात एका पट्ट्यात नखाएवढे जांभळे फूल येई. पाऊस चांगला झाला तरच ते उगवायचे आणि पाच आठवड्यांत बी टाकून मरायचे. बाईंनी नऊ वर्षे वाट पाहिली. दहाव्या वर्षी ते दिसले, तेव्हा त्या वाळूत चक्क पालथ्या पडल्या. माझ्यातून त्यांनी देठावरची खाली वळलेली लव पाहिली. बाहेरून येऊन माजलेले एक तण हुबेहूब असेच दिसते, पण त्याचा देठ गुळगुळीत असतो. हे फूल इथलेच होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. त्या पट्ट्यावर गोदाम होणार होते. साहेबांनी 'फूल इथलेच' असे लिहून दिले, तरच जागा वाचणार होती.

बाईंनी वाळवलेला नमुना त्यांच्यापुढे ठेवला.

"साहेब, फक्त देठ बघा. भिंग डोळ्याला लावून."

"अहो बाई, पंचवीस वर्षं हेच करतोय. आता तुम्ही शिकवणार मला?"

त्यांनी मला हातभर लांब धरले, "हं, तणच आहे," म्हणाले आणि सही ठोकली. चहा निवायच्या आत एका फुलाचा निकाल लागला. आठवड्याभरात पट्टा सपाट झाला.

नमुना ज्या टीपकागदात वाळवला, त्यावर चिमूटभर बी गळले होते. बाईंनी ते कान तुटलेल्या कपात, वाळूत पेरले. पुढच्या वर्षी फुले आली. त्यांनी कप साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"वा! काय नाजूक आहे हो! कुठून मागवलंत?"

"तुम्ही सही केलीत ना, तिथलंच आहे. तुमचं तण."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला डोळ्याला लावले. लव दिसली. त्यांचा चेहरा पडला. मला जराही कीव आली नाही.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण पाहायचे तर डोळ्याला लावून पाहा, नाहीतर मला खणात पडू द्या. बाई अजून कपाला पाणी घालतात. पट्ट्यावर आता गोदामाची फरशी आहे, आणि तिथे माझे काही काम उरलेले नाही.