देव झालेला दोर

मी एक जुना अंबाडीचा दोर आहे. सोलापुरात, तळ्याजवळच्या एका लहान मठात, देवाशेजारच्या खुंटीवर असतो. मित्रांनो, तुम्ही आलात तर मला नमस्कारच कराल. सगळे करतात. माझी भीती तिथूनच सुरू होते.

अंबाडी पाण्यात कुजवतात, तेव्हा तिच्या सालीतला चिवट वाख सुटतो आणि त्याला पीळ घालून आम्ही जन्मतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक म्हणतात. पुन्हा कुजला तर काय होतं, याबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

मला चन्नप्पांनी आणलं. त्यांचा एक पाय लुळा, पण डोळे चांगले. दर सोमवारी त्यांच्या मठात आंधळी माणसं जमत. आधी तळ्यावर स्नान, मग भजन, मग एकमेकांची गाऱ्हाणी. पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून चन्नप्पा माझं एक टोक काठावरच्या कडुनिंबाला बांधत. दुसरं टोक धरून जन्मांध गौरम्मा पुढे उतरे आणि बाकीचे मला धरून तिच्या मागे.

गिरणीत वाफेनं डोळे गेलेला महिपती पहिल्यांदा आला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. दूध उतू जाण्याआधी कसा आवाज करतं, ते गौरम्मानं त्याला ऐकायला शिकवलं. काही दिवसांनी तो भजनात टाळ धरू लागला. मला या माणसांचा फार अभिमान वाटे. घरी परतण्यापूर्वी चन्नप्पा मला उन्हात वाळवत आणि जागोजागी ओढून पाहत.

मग एका पावसाळ्यात महिपतीचा पाय घसरला. तो गळाभर पाण्यात गेला, पण त्यानं मला सोडलं नाही. सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढलं. त्या दिवसापासून मी देव झालो. दर सोमवारी मला दुधाचा अभिषेक आणि विभूतीचे पट्टे. देवाला उन्हात कसं टाकायचं, म्हणून मी ओलाच खुंटीवर. ओढून पाहणं तर पापच ठरलं. आता माझ्या पोटात मुंग्या आहेत आणि आतला पीळ सुटत चालला आहे. वरून मात्र मी पांढराशुभ्र दिसतो.

गेल्या सोमवारी गौरम्माची बोटं माझ्यावरून फिरता फिरता थांबली.

"अण्णा, दोर मऊ लागतोय. वास बी येतोय."

"दुधाचा वास हाय त्यो, गौराक्का," चन्नप्पा म्हणाले. "ज्यानं महिपतीला वाचवलं, त्याची परीक्षा बघायची व्हय?"

महिपतीलाही तिचं बोलणं लागलं. भीती वाटत असेल तर तू वरच बस, असं तो म्हणाला.

गौरम्मानं पदर खोचला.

"मी वर बसल्यावर पुढं कोण उतरंल?" ती म्हणाली, आणि मला धरून उतरू लागली.

त्या दिवशी मी टिकलो. कसा टिकलो, ते माझं मलाच ठाऊक.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर माणसं खाली उतरतात, त्याची पूजा करून थांबू नका. त्याला ऊन दाखवा, ताणून बघा, आणि तुटायचाच असेल तर काठावर, तुमच्या हातात तुटू द्या. कुणीतरी येऊन मला एकदा ओढा. परवापासून पाऊस लागून राहिला आहे आणि तळं पायऱ्या चढत आहे. उद्या सोमवार आहे.