दातुक माराजोंच्या मुलीचा वाटा

दातुक माराजोंचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला होता आणि इंजेक्शनांना आता जुमानत नव्हता. पादांग शहरातल्या इस्पितळात डॉक्टर हेस्तीबाईंनी त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. एक, सलाइनमधून केमो; त्यासाठी दर थोड्या दिवसांनी डोंगर उतरून यायचं. दुसरी, नव्या गोळ्या. घरीच घ्यायच्या, पण थकवा येणार, मळमळणार, रक्त कमी होणार. तिसरी, काहीच न करता नुसतं दुखणं शमवत राहायचं. दातुकांचा ओढा तिसरीकडे होता. सत्तरी उलटली, नातवंडं पाहिली, आता कशाला इस्पितळाच्या पायऱ्या झिजवायच्या!

"गोळ्या लागू पडतील असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यात एक जन्मजात दोष सापडलाय, आणि त्या गोळ्या तसा दोष असणाऱ्यांसाठीच आहेत. सावकाश ठरवा. पण एक काम लगेच करा. हा दोष वारशानं जातो. घरच्या बायकांना तपासून घ्या, त्यांना स्तनाचा कर्करोग होऊ शकतो."

वारसा म्हटल्यावर दातुक ताठ बसले. हा तर त्यांचा प्रांत. मिनांगकाबाऊ मुलखात घर, शेत, कूळ सगळं आईकडून मुलीकडे जातं, आणि त्यावर राखण करतो मामा. दातुक म्हणजे कुळाचा मुखिया, अख्ख्या कुळाचे मामा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या घरी साऱ्या भाच्यांना बोलावून घेतलं.

"मामा, आम्हाला काही झालेलं नाही," थोरली वार्निस म्हणाली.

"मी विचारलं का तुला? गाडी सांगितलीय. सकाळी निघायचं."

"माझं लग्न ठरवतानाही अगदी असंच म्हणाला होतात!"

"मग? वाईट झालं का?"

"ते नवऱ्याला विचारा," वार्निस म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. पण गेल्या. कोणी बाळंतपणात अडकलेली, कोणी जाकार्त्याला; एकेकीला गाठून तपासून घेण्यात दोन महिने गेले. एकीतही दोष निघाला नाही. दातुकांची छाती फुगली. मसालेदार मांसाच्या रंदांगचा भलाथोरला डबा घेऊन ते डॉक्टरबाईंसमोर हजर झाले.

"आमचं कूळ स्वच्छ निघालं, बाई!"

"फार छान. आणि मुली?"

"ह्याच की. बहिणीच्या."

"तुमच्या स्वतःच्या?"

"एक आहे, रेफनी. पण ती तिच्या आईच्या कुळातली. तिचा काय संबंध?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "मीही मिनांगच आहे, दातुक, म्हणून रागवत नाही. कूळ आईचं असेल, रक्त दोघांचं असतं. दोष तुमच्या आईकडून आलेला असो की वडिलांकडून, तुमच्याकडून तो तुमच्या मुलीत जाऊ शकतो. निम्मी शक्यता आहे."

दातुकांच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांची बहीण त्यांना आठवली. छातीतल्या गाठीनं तरुणपणीच गेली होती. ती दुसऱ्या कुळातली, म्हणून तिचा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता. दोन महिने जगाच्या पोरी गोळा करत हिंडलो आणि रोज ज्या घरात जेवायला बसतो तिथली पोर तशीच राहिली, असं म्हणून त्यांनी स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

रेफनी अंगणात कसाव्याच्या कंदाचे काप तळत होती. त्यांनी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे वार्निसताईला नेलंत, तिच्या बहिणींना नेलंत, आणि मी आता आठवले?"

"चुकलो."

"चुकलात कसले, आपा," ती बापाला म्हणाली. "रीतच आहे ती आपली." तिनं झारा कढईत आपटला, चूल विझवली आणि फडक्याला हात पुसले. "चला. गाडी सांगायची की माझ्या दुचाकीवर बसता?"

तिच्यात दोष निघाला. पुढच्या तपासणीत गाठही सापडली, वाटाण्याएवढी, हाताला न लागणारी. ती काढली. हेस्तीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पसरलेली नाही. अगदी वेळेवर आलात." दातुकांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच भिंतीला टेकून रडले, अल्लाचे आभार मानले, बाईंचे मानले, आणि आपल्या हाडांतल्या त्या मेल्या दुखण्याचेही मानले. ते झालं नसतं तर कोणाला काय कळणार होतं?

संध्याकाळी रेफनी इस्पितळाच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती.

"तुमच्या गोळ्यांचं काय ठरलं?"

"राहू दे ते. तू बरी झालीस, मला सगळं मिळालं. आता माझं काय उरलंय?"

"आपा, लहानपणी काही विचारायला आले की तुम्ही म्हणायचात, तुझ्या मामाला विचार. कुठल्या शाळेत जाऊ? मामाला विचार. लग्न कोणाशी करू? मामाला विचार. मीही विचारत आले." ती थांबली. "ह्याचं मामाला काय विचारू? त्याच्यात हे नाही. आईत नाही. हे फक्त तुमच्यात आणि माझ्यात आहे."

दातुकांनी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

मग ते उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

"गोळ्या सुरू करा."

"विचार झाला? किती काळ मिळेल ते मी सांगू शकत नाही हं. त्रासही होईल."

"मिळेल तेवढा मिळू दे, बाई. पोरीला विचारायला बाप लागणार आहे."