शेंगदाण्यांनी तोललेली विहीर

तळी, जंगलं, नद्या यांवरून भांडणाऱ्या लोकांना पद्धतशीर निर्णय घ्यायला शिकवणं, हा माझा धंदा. आधी उद्दिष्टं ठरवा, मग पर्याय मांडा, कशाला किती वजन ते ठरवा आणि मग निवडा. लोक डोकी खाजवतात, मी मानधन खिशात घालून घरी येतो.

घरची विहीर आटायला लागली आणि 'लोका सांगे ब्रह्मज्ञान'मधला पुढचा भाग माझ्या वाट्याला आला. पाणी एकालाच पुरणार होतं: दादाच्या रोपवाटिकेला, नाहीतर माझ्या हिरवळीला. रोपांवर दादाचं घर चालतं. हिरवळीवर माझा तोरा चालतो.

"पद्धतशीर ठरवू," मी म्हणालो. दादा भोळा. "तू म्हणशील तसं," म्हणाला.

स्वयंपाकघरात बैठक भरली. प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे दिले. जे उद्दिष्ट जितकं महत्त्वाचं, त्याच्या वाटीत तितके दाणे टाकायचे. पहिलं उद्दिष्ट मीच घाईघाईनं सुचवलं, 'परिसर हिरवा राहावा'. दुसरं वहिनीनं, 'चूल पेटावी'. आईनं आपले दाणे खाऊन टाकले. बायकोनं सगळे चुलीच्या वाटीत ओतले.

"अगं, तू माझ्या बाजूची ना?"

"अहो, बाजू कुठे विचारलीत? महत्त्वाचं काय, ते विचारलंत."

चूल जिंकली. मी म्हणालो, वजनं पुन्हा तपासायची असतात. पुन्हा चूलच जिंकली. मी तिसऱ्यांदा वाट्या रिकाम्या करायला लागलो तेव्हा वहिनीला राहवलं नाही.

"भाऊजी, तुम्हाला हवं ते उत्तर येईपर्यंत पोतंभर दाणे आणून ठेवू का?"

सगळे हसले. रडीचा डाव होता, पण शास्त्रशुद्ध! मग मी हुकमाचं पान टाकलं. "दोन आठवडे अर्धं-अर्धं पाणी देऊन बघू. बघत शिकायचं, शिकत बदलायचं." निर्णय टाळायचा असला की आम्ही तज्ज्ञ मंडळी प्रयोग सुचवतो. दादानं मान डोलावली.

अर्ध्या पाण्यावर हिरवळ पिवळी पडली आणि निम्म्याहून जास्त रोपांनी माना टाकल्या. दादा खाली बसून वाळलेली रोपं उपटत होता. "निदान आपण शिकलो तरी," असं मी म्हणालो. खरंच म्हणालो, जीभ झडली नाही. वहिनी पाठ फिरवून आत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिरवळीवरची नळी ओढत आणून मी उरलेल्या रोपांना पाणी सोडलं. दादानं हातातली माती झटकली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तू बाहेर शिकवायला जातोस, तिथेही असंच करतोस का रे?"

"हो, असंच."

"मग तिथे रोपं कुणाची असतात?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिथून नेहमी संध्याकाळच्या गाडीनं परत येतो.