तेच औषध, तोच वेग

काकासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येतंय, हे आधी तुळजाबाईंना दिसलं. जालन्यातल्या त्या खासगी दवाखान्यात सकाळी दहाला पाच मिनिटं आयसीयूमध्ये सोडत. तेवढा वेळ त्या नवऱ्याच्या पायाशी उभ्या राहत.

"सिस्टर, ह्यान्ला दुखून राह्यलंय," त्या म्हणाल्या. "झोपलेलं माणूस असं रडत न्हाई."

कौसल्या सिस्टरनं मॉनिटर पाहिला. नाडी एकशे तीस. काकासाहेबांना हृदयविकाराचा मोठा झटका आला होता, घशात व्हेंटिलेटरची नळी होती. दुखलं की अशा हृदयावर ताण येतो, म्हणून पंपाला लावलेल्या सिरिंजमधून फेंटानिल हे दुखणं मारणारं, गुंगीचं औषध चालू होतं. लवकर चढणारं, बंद केलं की लवकर उतरणारं. पण दोन दिवस ते लागूच होत नव्हतं. डॉक्टर कनिका मॅडमनी आज तिसऱ्यांदा पंपाचा वेग वाढवला.

"एवढ्यात पैलवान झोपला असता," मॅडम पुटपुटल्या.

दोन दिवस सिरिंज सूरज ब्रदरच भरत होता. शहागडचा हा पोरगा तीन वर्षांपूर्वी आला, तेव्हा त्याला शीर शोधायला कौसल्यानंच शिकवलं होतं. तो तिला ताई म्हणायचा. हल्ली वाळला होता, पुऱ्या बाह्यांचे शर्ट घालायचा, आणि दोन दिवस डबल ड्युटी मागून घेत होता. घरी काहीतरी अडचण असेल, असं तिला वाटलं होतं.

दुपारी दोनला सिरिंज संपली. सूरज जागेवर नव्हता. कौसल्यानं कुलपाच्या कपाटातली औषधाची नवी अँप्यूल फोडली, सिरिंज भरली, पंपाचा वेग होता तोच ठेवला.

पाचच मिनिटांत अलार्म वाजला. बीपी सत्तर. मग पंचावन्न. तिनं झटक्यात पंप बंद केला आणि मॅडमना हाक मारली. मॅडमनी बीपी वाढवायचं औषध लावलं. फेंटानिल उतरेपर्यंत दोघी पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिल्या. साठ. अठ्ठावन्न. पुन्हा साठ. पंधरा मिनिटांनी नव्वद.

"काय वेगळं केलंत, सिस्टर?"

"काहीच न्हाई, मॅडम. तेच औषध, तोच वेग."

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. वेगळा होता तो फक्त भरणारा हात. दोन दिवस पंपातून पाणी जात होतं. मॅडम पाण्याचाच वेग वाढवत होत्या.

ती बाहेर धावली. बाकड्यावर तुळजाबाई होत्या.

"सूरजला पाह्यलं का?"

"ते पोरगं? केव्हाचं संडासात गेलंय. नळ चालूच हाय."

दार आतून बंद होतं. हाका मारून उपयोग झाला नाही. वॉर्डबॉय धर्मराजनं खांद्यानं कडी तोडली. सूरज भिंतीला टेकून कलंडला होता. बाही वर केलेली, ओठ निळे. श्वास जवळजवळ नव्हताच. कौसल्यानं तिथंच फरशीवर बसून रबरी पिशवी दाबून त्याला श्वास दिला. मॅडमनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. काही वेळानं त्यानं डोळे उघडले.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "कुणाला सांगू नको."

"दोन दिवस त्या माणसाला सांगताच आलं न्हाई, सूरज."

संध्याकाळी तिनं सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. पोलीस आले. सूरजची आई शहागडहून आली, पण कौसल्याकडे न बघताच गेली.

खरं औषध कमी वेगानं सुरू झालं, आणि काकासाहेब आता शांत झोपत. नाडीही नव्वदवर आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हृदय थांबलं, ते परत सुरू झालं नाही. त्या दोन दिवसांच्या ताणामुळं, की मुळात हृदयच संपलं होतं म्हणून, हे मॅडमना सांगता येईना.

तुळजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी कौसल्याचा हात धरला.

"लई दुखलं का वं त्यान्ला?"

"शेवटचे दोन दिवस बिलकुल न्हाई, मावशी."

"अन् त्याच्या आधी?"

कौसल्या त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.